क्रूझ बार्बाडोसला थांबली की: ब्रिजटाऊनमधला एक दिवस कसा आखायचा

क्रूझ बुक करताना आपण बाल्कनीवाली केबिन, बुफे, ड्रिंक पॅकेज सगळं बारकाईने बघतो आणि पोर्टच्या दिवसाचं मात्र "उतरल्यावर बघू" करतो. मग उतरल्यावर टर्मिनलच्या दारात उभं राहून दहा जणांच्या ग्रुपचं एकमत होईपर्यंत तासभर जातो, आणि शेवटी समोर जी व्हॅन दिसेल तिच्यात बसून अख्खं बेट खिडकीतून बघून परत. असं होऊ नये म्हणून हे लिहितोय. कॅरिबियनमधली बंदरं सगळी सारखी नाहीत, त्यामुळे उगाच सगळ्यांचं मिळून न सांगता एकच धरतो, बार्बाडोसचं ब्रिजटाऊन. एक म्हणजे सदर्न कॅरिबियनच्या बऱ्याच क्रूझ इथे थांबतात, सॅन हुआनहून निघणाऱ्या असोत की फ्लोरिडाहून. आणि दुसरं म्हणजे २९ जून २०२४ ला आपण वर्ल्ड कप कुठे जिंकलो होतो ते आठवा. ते केन्सिंग्टन ओव्हल जहाजाच्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे!

माझं म्हणणं थोडक्यात असं, की बेट "कव्हर" करायचा नाद सोडायचा. एक मोठी गोष्ट ठरवायची, तिला लागून एक छोटी, आणि बाकी वेळ मोकळा. का ते खाली हिशोबातच कळेल.

आधी घड्याळाचा हिशोब

समजा कागदावर लिहिलंय की जहाज सकाळी ८ ला लागणार आणि संध्याकाळी ५ ला सुटणार. आपण म्हणतो नऊ तास आहेत की. पण जहाज लागल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत कोणालाच उतरू देत नाहीत, त्यात अर्धा-पाऊण तास. मग लिफ्टसमोर गर्दी, गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेवर, रांग. नाश्ता करून, सनस्क्रीन लावून, कोणाची तरी टोपी विसरली म्हणून परत केबिनमध्ये जाऊन तुम्ही टर्मिनलच्या बाहेर येता तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. दुसऱ्या टोकाला, ५ ला सुटणार म्हणजे तुम्ही आत असायची वेळ ४:३० किंवा ४ च असते, ती वेळ रोजच्या प्रोग्रामवर आणि गँगवेजवळच्या बोर्डावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढूनच खाली उतरा. त्याच्याही आधी तासभर तुम्ही बंदराच्या गेटवर हवे, कारण दुपारी ब्रिजटाऊनचा ट्रॅफिक चांगलाच तुंबतो. म्हणजे उरले साडेनऊ ते साडेतीन, सहा तास. त्यातून जेवण आणि उन्हात दमून बसायचा वेळ काढा, हातात राहतात पाच.

पाच तासांत गुहा, पूर्व किनारा, कासवं, रम फॅक्टरी आणि शॉपिंग होत नाही, कोणी कितीही सांगू दे.

आता घड्याळातली खरी गोम. बार्बाडोस वर्षभर एकाच वेळेवर चालतं, तिथे घड्याळ मागेपुढे करायची भानगड नाही. उन्हाळ्यात मायामीची आणि तिथली वेळ एकच असते, पण हिवाळ्यात, म्हणजे ऐन क्रूझच्या सीझनमध्ये, बार्बाडोस मायामीच्या एक तास पुढे. काही जहाजं आदल्या रात्री घड्याळं पुढे करून बेटाची वेळ धरतात, काही आपली जहाजाचीच वेळ चालू ठेवतात. तुमचा फोन मात्र किनाऱ्याचं नेटवर्क पकडलं की आपोआप बेटाची वेळ दाखवायला लागतो. त्यामुळे आदल्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसला सरळ विचारायचं, उद्या कुठली वेळ धरायची, आणि एक साधं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून टाकायचं. फोन वापरायचाच असेल तर ऑटोमॅटिक टाइम झोन बंद करून ठेवा.

एक चांगली गोष्ट, ब्रिजटाऊनला जहाज थेट धक्क्याला लागतं. ग्रँड केमन किंवा बेलीझ सिटीसारखं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर न्यायचा प्रकार इथे नाही. तुमच्या क्रूझमध्ये तशी बंदरं असतील तर तिथे याच हिशोबातून आणखी तासभर वजा करा.

कागदपत्रं, आणि कपड्यांबद्दल एक गंभीर सूचना

भारतीय पासपोर्टवर फिरायला बार्बाडोसला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण क्रूझ एका बेटावर थांबत नसते, त्यामुळे यादीतल्या प्रत्येक बंदराचा नियम वेगळा बघायचा, उदाहरणार्थ मार्टिनिक हा फ्रान्सचा भाग आहे. भारतातून येणाऱ्या आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना हे बुकिंगच्या आधी बघा, कारण जहाज अमेरिकेतून निघालं की तुम्ही देशाबाहेर गेलात आणि शेवटच्या दिवशी परत एंट्री करताय. तुम्ही स्वतः अमेरिकेत एच-वन वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल आणि पासपोर्टमधला स्टॅम्प संपला असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर न विचारता वकिलाला विचारा, प्लीज.

उतरताना जवळ काय ठेवायचं? जहाजाचं कार्ड आणि एक फोटो असलेलं ओळखपत्र, परत येताना बंदराच्या गेटवर दोन्ही विचारतात. मूळ पासपोर्ट मी केबिनच्या सेफमध्ये ठेवावा या मताचा आहे, सोबत फोटोकॉपी आणि फोनमध्ये फोटो. काही जहाजं मात्र ठराविक बंदरांवर पासपोर्ट सोबत ठेवायलाच सांगतात, तशी सूचना असेल तर ती ऐका.

आता कपडे. बार्बाडोसमध्ये कॅमोफ्लाज, म्हणजे मिलिटरी छापाचे हिरवे-तपकिरी चट्ट्यापट्ट्याचे कपडे सामान्य माणसाने घालणं हा गुन्हा आहे. शर्ट, हाफ पँट, टोपी, बॅग, काहीही. लहान मुलांनाही सूट नाही. आपल्याकडे मुलांच्या कार्गो हाफ पँटी निम्म्या त्याच छापाच्या असतात, त्यामुळे बॅग भरतानाच वेगळ्या काढा. शिवाय पोहण्याचे कपडे बीचवर ठीक, पण तेच घालून गावात दुकानात शिरणं तिथल्या लोकांना आवडत नाही, वर एक टीशर्ट चढवायचा. आणि कुठेही गेलात की आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं, मग बाकीचं विचारायचं. तिथले लोक, म्हणजे बेजन, याबाबतीत अगदी पक्के आहेत. नमस्कार-चमत्कार न करता थेट "हाऊ मच" केलंत तर उत्तर मिळेल, पण तुटक.

पैसे

बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरला १९७५ पासून दोनास एक असा बांधलेला आहे. म्हणजे २० बार्बाडोस डॉलर म्हणजे १० अमेरिकन, कॅल्क्युलेटर काढायची गरजच नाही. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, म्हणून पैसे बदलत बसू नका. सुट्टे मात्र तिथल्या पैशात परत मिळतात, तेव्हा एक, पाच आणि दहाच्या नोटा भरपूर न्या, शंभराची काढली की सुट्ट्यांचा ढीग तुमच्याकडे.

पण दोन्हीकडे खूण तीच, डॉलरची. पाटीवर ३० लिहिलंय म्हणजे कुठले तीस? प्रत्येक वेळी विचारायचं, "यूएस की बार्बाडोस?" बीचवरच्या खुर्च्या, टॅक्सी, बोट, प्रत्येक ठिकाणी. हा एक प्रश्न तुमचे निम्मे पैसे वाचवू शकतो.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी, तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर सर फ्रँक वॉरेल आहेत. १९६२ च्या दौऱ्यात याच बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून आपले कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात होते तेव्हा ज्यांनी रक्त दिलं त्यात वॉरेल होते, वेस्ट इंडीजचे कॅप्टन. सुट्ट्या पैशात ही नोट आली तर खर्च करू नका, तिच्याएवढी स्वस्त आणि चांगली आठवण दुसरी नाही.

टर्मिनलच्या बाहेर पडताना

धक्का हा कामाचा, मालाचा धक्का आहे, त्यामुळे जहाज लांब लागलं असेल तर टर्मिनलपर्यंत शटल बस असते. टर्मिनलमध्ये ड्यूटी फ्रीची दुकानं आहेत, तिथे सकाळी अजिबात थांबायचं नाही, परत येताना तीच दुकानं तिथेच असणार आहेत. पुढे टॅक्सीवाले.

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं ठरलेलं असतं, ते बसायच्या आधी विचारायचं आणि तीन गोष्टी पक्क्या करायच्या: पूर्ण गाडीचं की माणशी, यूएस की बार्बाडोस, जायचं फक्त की येण्याचंही. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट झेड अक्षराने सुरू होते. चारजण असाल तर तीन-चार तासांसाठी गाडी ठरवणं जहाजाच्या टूरपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि कुठे किती थांबायचं ते तुमच्या हातात. पूर्ण पैसे आधी देऊ नका, शेवटी द्या.

बस हा प्रकार मात्र जरूर अनुभवा, निदान एकदा. तीन तऱ्हा आहेत. निळी मोठी सरकारी बस, पिवळी खासगी मिनीबस, आणि पांढरी व्हॅन जिच्यावर लालसर पट्टा आणि नंबरप्लेटवर झेडआर. भाडं तिन्हीचं साडेतीन बार्बाडोस डॉलर, दोन स्टॉप जा नाहीतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला. सरकारी बसमध्ये सुट्टे परत मिळत नाहीत, झेडआरमध्ये मिळतात. झेडआर म्हणजे काय ते सांगतो, चौघांच्या सीटवर पाचवा बसतो, मधल्या वाटेतली घडीची सीट पाडून सहावा, म्युझिक छातीत वाजतं, आणि मागच्याला उतरायचं असेल तर अर्धी गाडी खाली उतरून परत चढते, कोणी कुरकुर करत नाही. ज्याने डोंबिवली लोकल केलीय त्याला काहीच वाटणार नाही. स्टॉपच्या पाटीवर "टू सिटी" किंवा "आऊट ऑफ सिटी" एवढंच लिहिलेलं असतं, तुम्हाला परत यायचंय तर "टू सिटी"च्या बाजूला उभं राहायचं. ट्रॅफिक आपल्यासारखाच डावीकडून, भारतातून आलेल्यांना सवय आहे, अमेरिकेत वीस वर्षं राहिलेल्यांनी रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा.

भाड्याची गाडी? मिळते, तिथलं तात्पुरतं ड्रायव्हिंग परमिट काढावं लागतं आणि ते गाडीवालाच करून देतो. पण रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती, वळणं आंधळी, आणि चुकलात तर जहाज वाट बघणार नाही. एका दिवसासाठी मी नाही घेणार.

आता प्लॅन निवडा

बेट लहान आहे, लांबी साधारण ३४ किलोमीटर आणि रुंदी २३. नकाशात बघितलं की वाटतं सगळं जवळच तर आहे. किलोमीटर कमी आहेत, वेळ कमी लागत नाही.

माझा आवडता प्लॅन: ओव्हल, गाव आणि बीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातून क्रिकेट बघणाऱ्याने हाच करावा. जवळजवळ फुकट होतो आणि बंदरापासून कधीच फार लांब जात नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत आधी केन्सिंग्टन ओव्हल. बंदराच्या गेटपासून समुद्राला पाठ करून आतल्या बाजूला, फाँटाबेलच्या दिशेने, पंधरा-वीस मिनिटं चालत. बाहेर सर गारफील्ड सोबर्सचा पुतळा आहे, तिथे फोटो होतोच. मॅच नसताना आत जायला मिळेलच याची खात्री धरू नका, टूर आधी ठरवता येते का ते घरूनच विचारून ठेवा, नाहीतर गेटवरच्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणून नीट विचारा. आत गेलात तर थ्री डब्ल्यूज स्टँड बघा. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, तिघंही याच बेटावर, दीड वर्षाच्या आत जन्मलेले. आणि बाउंड्रीची दोरी असते तिथे उभं राहून बघा की शेवटच्या ओव्हरला १६ हव्या असताना मिलरने मारलेला तो पहिला चेंडू सूर्यकुमारने कसा आत फेकला असेल, स्वतः बाहेर जाऊन, परत आत येऊन. टीव्हीवर दहादा बघितलेलं असतं, पण तिथे उभं राहिल्यावर कळतं की विचार करायला वेळ किती कमी होता. रोहितने पिचवरची माती चिमूटभर तोंडात टाकली ती याच मैदानातली, त्यानंतर बेरिल वादळामुळे टीम इथेच अडकून पडली आणि मग ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर काय झालं ते मी सांगायला नको.

ज्यांची वयं माझ्यासारखी आहेत त्यांना याच मैदानातली १९९७ ची टेस्टही आठवत असेल. जिंकायला १२० हवे, कॅप्टन सचिन, आणि आपण ८१ ला ऑल आऊट. लक्ष्मणच्या १९ सोडल्या तर कोणाला दोन आकडी धावा नाहीत. तेव्हा ओव्हलवर जाताना माझ्या मनात आनंद जरा जपूनच होता.

ओव्हलवरून गावात यायला चीपसाइडच्या बाजूने चालत या. चीपसाइड मार्केटला भाजी-फळं असतात, शनिवारी सगळ्यात जास्त गजबज. तिथून ब्रॉड स्ट्रीट, म्हणजे बँका आणि मोठी दुकानं, तिथे रेंगाळायचं कारण नाही. तिला समांतर स्वान स्ट्रीट आहे, गाड्यांना बंद, तिथून चाला. कापडाचे तागे, चपला, मोबाइलची कव्हरं, फुटपाथवर आंबे आणि ॲव्होकाडो मांडून बसलेल्या बायका. इथे दुकानांच्या गल्ल्यावर तुम्हाला आपल्यासारखे चेहरे दिसतील, सुरतेकडून शंभरेक वर्षांपूर्वी आलेल्या गुजराती मुस्लिम व्यापाऱ्यांचे वंशज आहेत, सुरुवातीला घरोघर फिरून कापड विकायचे. जवळच निधे इस्राएल नावाचं सिनेगॉग आहे, मूळचं १६५४ चं, १८३१ च्या वादळात पडलं आणि मग परत बांधलं. शनिवारी बंद.

मग नॅशनल हीरोज स्क्वेअर. आधी याचं नाव ट्रॅफल्गार स्क्वेअर होतं आणि मध्ये नेल्सनचा पुतळा होता, तो नोव्हेंबर २०२० मध्ये काढला आणि वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२१ ला, देश प्रजासत्ताक झाला. समोर पार्लमेंटच्या दोन इमारती, फिकट रंगाच्या कोरल दगडाच्या. इथली पार्लमेंट १६३९ पासूनची आहे. जुनं ब्रिजटाऊन आणि पलीकडची गॅरिसन, म्हणजे ब्रिटिशांची जुनी लष्करी छावणी, मिळून २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. हे सगळं बघायला तासभर पुरे, खोटं कशाला बोलू, ऊन लागायला लागतं आणि मुलं "बीच कधी" सुरू करतात.

तर चेंबरलेन ब्रिजवरून खाडी ओलांडा, बे स्ट्रीट धरा, पंधरा-वीस मिनिटांत कार्लाइल बे. नको वाटलं तर टॅक्सी. सकाळी ओव्हल नकोच असेल तर बंदरातून सरळ प्रिन्सेस ॲलिस हायवेच्या कडेने, समुद्र उजवीकडे ठेवून, पेलिकन व्हिलेजमधली हस्तकलेची दुकानं बघत गावात या, पंचवीस-तीस मिनिटं.

दुसरा प्लॅन, गुहा आणि पूर्व किनारा. बेटाच्या मधोमध हॅरिसन्स केव्ह आहे, चुनखडीची गुहा, ट्रॅममध्ये बसून आत जायचं, छतावरून लोंबणारे खडक, खाली पाण्याचे झरे. चालायला त्रास असलेल्या आजी-आजोबांनाही जमतं आणि आत गार असतं. तिकीट वेळेचं असतं, म्हणून ऑनलाइन आधीच काढा आणि सकाळचा स्लॉट घ्या. तिथून पुढे बाथशीबा, अटलांटिकची बाजू, किनाऱ्यावर अळंबीसारखे बुंध्याला झिजलेले प्रचंड खडक. हे बघायला आहे, पोहायला अजिबात नाही, लाटा आणि ओढ दोन्ही वाईट. वाटेत हंट्स गार्डन्स लागतं, झाडांची आवड असेल तर गुहेपेक्षा मी तिथे वेळ घालवेन. या प्लॅनला गाडी ठरवूनच जा आणि त्यात बीच घुसवू नका.

तिसरा, कॅटामरान. चार-पाच तासांची बोट, दोन ठिकाणी पाण्यात उतरवतात, जेवण आणि पिणं त्यातच. तरुण मंडळींना आवडतं. ज्यांना जहाजावर मळमळतं त्यांनी तोच दिवस परत बोटीवर कशाला काढायचा हा माझा प्रश्न.

रमवाल्यांसाठी माउंट गेचं सेंटर बंदराच्या जवळच, स्प्रिंग गार्डन हायवेवर. यांचा सगळ्यात जुना कागद १७०३ चा. बाटली घेतलीत तर जहाजावर चढताना ती जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात, चोरून न्यायची धडपड नको.

रविवार असेल तर दुकानं बहुतेक बंद, तेव्हा गावाचा भाग लहान करून सरळ बीच. आणि त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते वेळापत्रकात बघून ठेवा. चार जहाजं असतील तर गुहा आणि कासवांच्या बोटी दोन्हीकडे झुंबड असते.

समुद्रात उतरण्याआधी

कार्लाइल बे पश्चिमेला आहे, त्यामुळे पाणी शांत, मुलांना घेऊन जायला उत्तम. बार्बाडोसमधले सगळे बीच सार्वजनिक आहेत, म्हणजे वाळूवर बसायचे पैसे नाहीत. खुर्ची-छत्रीचे आहेत. क्लबमध्ये गेलात तर प्रवेश फी असते आणि त्यात खुर्ची, शॉवर, टॉयलेट मिळतं. कुटुंबासोबत, विशेषतः बायकांना कपडे बदलायला, ते पैसे वसूल होतात.

कासवं आणि बुडालेली जहाजं दोन्ही याच खाडीत बघायला मिळतात. बर्विन नावाची टग बोट १९१९ मध्ये इथे बुडाली, आणि इतक्या उथळ पाण्यात आहे की स्नॉर्कलिंगचा मास्क लावून वरूनच दिसते, तिच्यावर प्रवाळ वाढलंय आणि आतून माशांचे थवे ये-जा करतात. बीचवरच बोटवाले विचारत येतात. तासाभराच्या ट्रिपला माणशी भाव सांगतील, ग्रुप असेल तर घासाघीस करा, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळणार का हे आधी बघा. पोहता येत नाही म्हणून कोणाला वगळू नका, जॅकेट घालून नुसतं तरंगत खाली बघता येतं. कासवाला हात लावायचा नाही, मुलांना हे बोटीत बसायच्या आधी सांगा.

एक झाड ओळखून ठेवा, मँचिनील. किनाऱ्यावरच असतं, छोटी हिरवी सफरचंदासारखी फळं. फळ विषारी, चीक अंगाला लागला की फोड येतात, आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलात तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही येतात. बऱ्याच झाडांवर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळ्यांवर असेलच असं नाही. अनोळखी झाडाखाली टॉवेल टाकू नका.

ऊन जबरदस्त. बेट साधारण चेन्नई-बंगळुरूच्या अक्षांशावर आहे, पण वारा सतत असल्यामुळे भाजतंय हे कळतच नाही, रात्री केबिनमध्ये कळतं. "आपली कातडी गोरी नाही, आपल्याला काही होत नाही" हे म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्या पाठीला तुम्हीच सनस्क्रीन लावा.

खायचं काय, आणि शाकाहारींचं काय

मासे खात असाल तर प्रश्नच मिटला. फ्लाइंग फिश म्हणजे उडणारा मासा आणि कूकू हे तिथलं राष्ट्रीय जेवण. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला मऊ गोळा, वर माशाची पातळ ग्रेव्ही. गावात खाऊन बघा, बीचवरच्या क्लबात नको. घाईत असाल तर कटर, तिथल्या सॉल्ट ब्रेड नावाच्या पावात घातलेला मासा किंवा चीज. फिश केक्स म्हणजे खारवलेल्या माशाची गरम भजी, सोबत पिवळं पेपर सॉस. ते सॉस आधी टोकाला लावून बघा. मी कोल्हापूरचा आहे आणि तरीही सांगतोय.

शाकाहारींनी मॅकरोनी पाय मागा, चीजची भाजलेली वडी, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असते. ब्रेडफ्रूट, म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस, भाजून किंवा तळून मिळतो. तळलेली पिकलेली केळी. भात आणि पीज असं लिहिलेलं दिसलं तर विचारून घ्या, त्यात खारवलेलं मांस टाकायची पद्धत आहे. रोटीही मिळते, त्रिनिदाद-गयानाकडून आलेली, पोळीत बटाट्याची किंवा चण्याची कढी गुंडाळलेली, पण शेजारीच चिकन-बीफची असते, तेव्हा हातात घेताना परत एकदा विचारा. जैन असाल तर जहाजावर पोटभर खाऊनच उतरा आणि सीलबंद पाकिटातला खाऊ ठेवा, जहाजाच्या बुफेतलं उघडं अन्न किंवा फळं खाली न्यायला परवानगी नसते.

पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी कोरल दगडातून झिरपलेलं आणि चांगलं आहे, रिकामी बाटली भरून घ्या. शहाळी रस्त्याकडेला मिळतात.

परतीचं

फोनला रोमिंग प्लॅन किंवा ईसिम असेल तर ठीक, पण उतरल्यावरच चालू करा. जहाजावर असताना एअरप्लेन मोड, नाहीतर समुद्रातलं सॅटेलाइट नेटवर्क पकडून बिल कुठल्या कुठे जातं.

रोजच्या प्रोग्रामच्या कागदावर पोर्ट एजंटचं, म्हणजे जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या माणसाचं, नाव आणि नंबर छापलेला असतो. तोही सकाळच्या फोटोत येऊ द्या. जहाजाची स्वतःची टूर उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय ते करतात. तुम्ही स्वतः गेला असाल आणि उशीर झाला तर ते निघून जातं, यात काही वैयक्तिक नसतं, बंदराचं भाडं आणि पुढच्या बेटाची वेळ ठरलेली असते. तसं झालंच तर धक्क्यावर रडत बसू नका, आधी त्या एजंटला फोन. बऱ्याचदा केबिनच्या सेफमधले पासपोर्ट काढून त्याच्याकडे दिलेले असतात. पुढच्या बेटापर्यंतचं विमान तुमच्या खर्चाने, म्हणून क्रेडिट कार्ड अंगावर हवं, बॅग सांभाळणाऱ्या एकाच माणसाकडे सगळ्यांची कार्डं नकोत. औषधंही तशीच, रक्तदाबाची-शुगरची एका दिवसाची जास्तीची गोळी खिशात.

बीचवरून निघताना टॅक्सी सकाळीच ठरवलेली असेल तर बरं, नाहीतर तीनच्या सुमाराला सगळ्यांनाच एकदम परत जायचं असतं. साडेतीनला टर्मिनलला पोचलात तर आता ती ड्यूटी फ्री बघा हवी तितकी, सुट्टे उरलेले बार्बाडोस डॉलर इथेच संपवा, कारण पुढच्या बेटावर ते कोणी घेणार नाही. चिंचेचे गोड-तिखट लाडू मिळाले तर घ्या, पॅकिंग असेल तर वर नेता येतात. चीपसाइडला घेतलेली फळं मात्र गेटच्या आतच खाऊन टाका, ती जहाजावर नेऊ देत नाहीत. मग गँगवेवर कार्ड, बॅग स्कॅनरमधून, आणि वर पोचल्यावर आपल्या ग्रुपमधले सगळे आत आलेत का ते मोजा, एखादी मावशी अजून टर्मिनलमध्ये फ्रिजला लावायचे मॅग्नेट निवडत असते.